थोबाडीची चाल

"पण ती चाल मोडलीत कशासाठी, गुरुजी? एवढं एकच सांगा. बाकी सगळा इतिहास माझा लिहून झालाय."

श्रीरंगरावांनी पुन्हा तेच विचारलं.

पर्वते गुरुजी ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, काठी मांडीवर आडवी. जागे आहेत की डुलकी लागलीय, तेही कळेना.

श्रीरंगराव म्हणजे बोरगणीच्या इनामदारांचे चिरंजीव. गावच्या प्राथमिक शाळेत याच गुरुजींच्या हाताखाली शिकले आणि शिक्षण खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. शाळेला शंभर वर्षं होत होती, तिचा इतिहास लिहायला यांच्याइतका लायक माणूस गावाला दुसरा कुठून मिळणार! त्यांनी लिहिलाही होता झोकात. शाळा मारुतीच्या देवळात कशी भरली, देऊळ गळायला लागल्यावर इनामदारांच्या गोठ्यात कशी आली, पोरं आपापलं गोणपाट बगलेत मारून कशी यायची, शनिवारी जमीन कशी सारवायची. गोठा इनामदारांचा होता, हे जागोजागी आलं होतं.

पण आज ते आले होते ते इतिहासासाठी नव्हे.

शाळेला नवं सभागृह बांधलं होतं. उद्या सकाळी उद्घाटन. त्याला शाळेच्या एका विद्यार्थ्याचं नाव द्यायचं आणि ते पर्वते गुरुजी सांगतील ते, असं समितीने ठरवलं होतं. रंगारी दुपारपासून शाळेच्या पायरीवर डबे उघडून बसला होता.

ते नाव आपलं असावं, असं श्रीरंगरावांना फार वाटत होतं. हुद्दे भोगले, मानपत्रं घेतली, हार गळ्यात मावेनात इतके झाले. पण पर्वते गुरुजींच्या तोंडून एक 'शाब्बास' काही त्यांना आजवर ऐकायला मिळालं नव्हतं, आणि ते त्यांना या वयातही सलत होतं.

"आवो धाकलं सरकार, म्हाताऱ्याला जरा पडू द्या की," कडेला बसलेला हरिबा म्हणाला. "शाळा शंभर वर्सं थांबलीया, तुमचा इतिहास घटकाभर थांबंल."

हा हरिबा झांबरे. श्रीरंगरावांच्याच वर्गातला. तिसरीतच शाळेला मुकला होता, पण आज गावातली सगळ्यात मोठी द्राक्षबाग त्याची. रोज जेवण झालं की गुरुजींच्या ओसरीवर येऊन तंबाखू मळत बसायचं, ही त्याची खोड. गुरुजी रोज त्याला तंबाखूवरून बोलायचे आणि तो रोज ऐकून घ्यायचा.

"तू गप रे," श्रीरंगराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत नाव द्यायचंय."

गुरुजी डोळे न उघडताच बोलले.

"कोणती चाल म्हणतोस?"

"थोबाडीची, गुरुजी."

"सांग कशी होती."

श्रीरंगराव जरा सावरून बसले. सांगायला त्यांना आवडायचंच. "तुम्ही प्रश्न घालायचा. येत नसेल त्यानं उभं राहायचं. ज्याला उत्तर येईल त्यानं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यायची. हळू दिली तर मारणाऱ्याला तुमची छडी."

"कोण मारायचं?"

"मीच, बहुतेक." श्रीरंगराव हसले. "मला सगळं यायचं."

"आन माझा गाल," हरिबा म्हणाला. "मला काय बी येत नव्हतं."

गुरुजी काठीवरून हात फिरवत राहिले.

"मग मोडली कधी?"

"अडीचकीच्या पाढ्याच्या दिवशी. त्यानंतर तुम्ही कोणाला मारायला लावलंच नाही. तुम्ही विचारलंत, तेरा अडीच किती? मी अडलो. सगळ्या शाळेत तेवढा एकदाच अडलो, गुरुजी."

"साडेबत्तीस," हरिबा तंबाखू मळता मळता म्हणाला.

"हो. याला आलं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, मार. यानं हात पाठीमागे बांधले आणि उभा राहिला ढिम्म. काही केल्या मारीना."

"का?"

"घाबरला! गोठा आमचा, शाळा आमच्या गोठ्यात. इनामदारांच्या पोराला कोण हात लावणार? मी तसंच लिहिलंय."

गुरुजींनी डोळे उघडले.

"काय रे हरिबा? घाबरला होतास?"

"तर! तुमी छडी उचलली आन माझं पाय लटलट कापाय लागलं."

"मग मारली का नाहीस?"

हरिबाने तळहातावरचा चुना झटकला. उत्तर द्यावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मला रोज बसायची न्हवं का, गुरुजी," तो म्हणाला. "किती लागती ते ठावं हुतं मला."

तो पुन्हा तंबाखू मळू लागला.

श्रीरंगरावांना गोठ्याची ती भिंत आठवली. आपण तिला पाठ लावून उभे होतो. गाल आवळून धरला होता. गुरुजींनी छडी उगारली, हरिबाला वळ उठेस्तोवर झोडपलं, आणि आपल्याला मात्र हायसं वाटलं. हो, हायसंच. दुसऱ्या दिवसापासून हरिबा शाळेत आलाच नाही. बापाने त्याला मेंढरांमागे लावून दिला. हे पुढचं काही त्यांनी इतिहासात घेतलं नव्हतं.

"श्रीरंग."

"जी?"

"उभा राहा."

श्रीरंगराव उभे राहिले. का राहिलो, हे उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पाय आपोआप जुळले होते आणि पाठ भिंतीला लागली होती.

"सभागृहाला नाव कोणाचं?"

स्वतःचं नाव जिभेवर होतं. मग त्यांची नजर हरिबावर गेली आणि त्यांना एकदम सुचलं. हरिबाचं नाव घ्यावं. लोक म्हणतील, इनामदारांचं मन मोठं. उद्या भर सभेत टाळ्या पडतील. गुरुजीही म्हणतील...

"हरिबाचं," ते म्हणाले.

"चूक."

श्रीरंगरावांचे कान तापले. इतक्या वर्षांत त्यांना 'चूक' असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं.

"हरिबा, तू सांग."

"माझं नाव? ह्यॅ!" हरिबा उठलाच. "लोकं म्हनतील, द्राक्षाच्या पैक्यावर नाव लावून घेतलं. आवो, नाव पायजेच कशापायी? पोरं बसतील, गानी म्हनतील. नुसतं सभागृह म्हटल्यालं बास हाय की."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "मार त्याला."

हरिबा हसला. गुरुजी हसले नाहीत.

काठी टेकून ते उठले. उठताना त्यांना दम लागला, पण उभे राहिले ते ताठ. श्रीरंगरावांनी तो चेहरा ओळखला. हाच तो गोठ्यातला चेहरा होता.

"गुरुजी, चेष्टा पुरं आता..." हरिबा म्हणाला.

"उत्तर तुला आलं. त्याला आलं नाही. मार."

"म्हातारी मानसं आपून, गुरुजी. लोकं बघतील."

"मार. नाहीतर मी तुला मारीन."

हरिबाच्या हातातली तंबाखू खाली सांडली. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो श्रीरंगरावांसमोर आला. हात उचलतो की काय, असं वाटलं... आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले.

"न्हाई जमायचं, गुरुजी," तो म्हणाला. "तवा न्हाई जमलं, आता काय जमनार?"

गुरुजींची काठी वर गेली.

श्रीरंगराव भिंतीला चिकटून होते. गाल आवळलेला होता. त्यांना कोणी मारणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. एवढंच तर करायचं होतं त्यांना, मागच्या वेळेसारखं. काठी खाली येत नव्हती आणि मागेही जात नव्हती. हरिबाने डोळे मिटून घेतले होते.

आपण भिंतीपासून कधी हललो, ते श्रीरंगरावांना नंतरही सांगता आलं नसतं. ते हरिबाच्या पुढ्यात उभे होते. चष्मा कुठेतरी पडला होता. समोर गुरुजी अंधुक दिसत होते आणि डोक्यावर काठी होती.

"मला मारा," ते म्हणाले. आवाज पोरासारखा चिरकला, त्याची त्यांना लाज वाटली नाही. "उत्तर मला येत नव्हतं, गुरुजी. तेव्हाही मलाच येत नव्हतं. त्याला कशाला मारता?"

"सरका बाजूला," हरिबा मागून त्यांचा सदरा ओढत होता. "सरका म्हनतो न्हवं! लागंल तुमास्नी..."

श्रीरंगराव सरकले नाहीत.

गुरुजी त्या दोघांकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी काठी हळूच खाली आणली, खांबाला टेकवून ठेवली आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"बसा रे दोघंही," ते म्हणाले. "आता सुटली शाळा."