दौलतशेठचं लाल मशीन

मिरजेत पावाची बेकरी चालवणाऱ्या रत्नप्रभाबाईंचं मैदा मळायचं मशीन सहा महिन्यांतच बंद पडलं. तेव्हापासून नवरा हातानं मळत होता आणि आता त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नवीन मशीनही तसंच निघालं, तर बेकरीला कुलूपच लागणार होतं. दौलतशेठच्या दुकानात शिरताना बाईंचे तळहात घामानं ओले झाले होते.

शेठनं चकचकीत लाल मशीनवर हात ठेवला. "परदेशी आहे, ताई. अख्ख्या जिल्ह्यात फक्त आठ बेकऱ्यांत आहे. तुम्हाला झेपेल का, बघा."

बाईंनी वाकून मशीनच्या आत पाहिलं. "आतला गिअर तुटला तर मिळेल ना?"

"मिळेल म्हणजे काय? महिन्याला दहा गिअर जातात माझ्याकडून."

"आणि त्या कोपऱ्यातल्या काळ्या मशीनचा?"

"ते धूड? ते गल्लोगल्ली दिसेल तुम्हाला." शेठनं फळीवरचा एक डबा काढून पुढे आपटला, तशी थोडी धूळ उडाली. "हे त्याचे गिअर. चार वर्षांत कुणी विचारलेसुद्धा नाहीत."

बाईंनी पदराला तळहात पुसले.

"आठ मशीनना महिन्याला दहा गिअर लागतात, शेठ. गल्लोगल्लीच्या मशीनना चार वर्षांत एकही नाही. मला ते काळंच द्या."

शेठ गडबडला. "अहो, पण लाल मशीनला दोन वर्षांची लेखी गॅरंटी आहे."

"काळ्याला चार वर्षांची आहे," डब्यावरच्या धुळीत बोट फिरवत बाई म्हणाल्या.