नेदाबाईचं विरजण

डॅन्यूब नदीकाठच्या एका गावात तुर्क आणि बल्गार शेजारी शेजारी राहत, आणि इथले मूळचे कोण यावरून रोज भांडत. 'बे' हा तुर्की किताब मिरवणारा गावचा कारभारी रुस्तेम बे मात्र वेगळ्याच कारणाने जळत होता. बाजारात नेदा नावाची बल्गार म्हातारी दही विकायची. बेच्या घरच्या पंगतीत पाहुण्यांनी त्याचं दही बाजूला सारून तिच्या दह्याची तारीफ केली. तेव्हापासून बेला अन्न गोड लागेना.

भर बाजारात त्याने तिला गाठलं. "दही आम्हा तुर्कांचं! आमच्या पूर्वजांनी घोड्यावरून इथे आणलं. तुझं मूळ कुठलं ते आत्ताच्या आत्ता सिद्ध कर, नाहीतर दुकान उचल!"

नेदाने हातातला डाव खाली ठेवला. "सरकार, माझं विरजण बिघडलं तेव्हा मी तुमच्या आईकडून आणलं. त्यांचं बिघडलं होतं तेव्हा त्यांनी माझ्या आजीकडून नेलं होतं. आता तुम्ही घरच्या दह्यातलं तुर्क दही एका वाटीत काढा, बल्गार दही दुसऱ्या वाटीत. मग मीही माझं मूळ तस्संच वेगळं काढून दाखवते."

बाजार खो खो हसला. बे काही बोलणार, तोच त्याची म्हातारी मोलकरीण रिकामी वाटी घेऊन धापा टाकत आली.

"नेदाबाई, बेगमसाहेबांनी विरजण मागितलंय. आमचं पुन्हा बिघडलं."

नेदाने वाटी काठोकाठ भरली आणि बेच्या हातात ठेवली.

"सरकार घरीच निघालेत. तेच नेतील."