चिंचेवरचा दोरा

एका गावाच्या बागेत चिंचेचे एक मोठे झाड होते आणि त्या झाडाच्या ढोलीत एक खार राहत असे. खार फार टापटिपीची. सकाळी उठली की आधी शेपटीने ढोली झाडायची, रात्रीची टरफले बाहेर लोटायची, अंथरुणाचा कापूस उन्हात घालायची आणि मगच खायला निघायची. त्याच झाडावर थोडे खाली, दुसऱ्या ढोलीत, साळुंकीचे जोडपे राहत होते. साळुंकी बडबडी आणि मायाळू. "खारूताई, आज ऊन कडक आहे हं!" "खारूताई, कुंपणापाशी मांजर बसलंय, जपून जा!" असे तिचे दिवसभर चाललेले असायचे. खारीला त्या बडबडीची इतकी सवय झाली होती, की एखाद्या सकाळी साळुंकीचा आवाज आला नाही तर ती ढोलीतून डोके काढून खाली बघायची.

संक्रांतीला बागेत मुलांनी पतंग उडवले. आरडाओरडा झाला, काटाकाटी झाली, आणि संध्याकाळी मुले आपापल्या घरी गेली. मागे राहिले फाटके पतंग, खाऊच्या रिकाम्या पिशव्या, चहाचे कागदी पेले आणि झाडाझाडांत अडकलेला मांजा. बागेच्या माळ्याने जमिनीवरचा कचरा जमेल तेवढा झाडून नेला. उंच फांद्यांवरच्या दोऱ्यापर्यंत मात्र त्याचा हात पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या कुंडावर सगळी पाखरे पाणी प्यायला आली, तेव्हा तोच विषय निघाला.

"खाल्लं माणसांनी, खेळली माणसं, आणि उष्टी आपण काढायची?" कावळा म्हणाला. "मी नाही चोच लावणार."

"आणि माळी कशाला ठेवलाय मग?" पोपट म्हणाला.

खारीने मिशा पुसल्या आणि शांतपणे सांगितले, "ज्यानं टाकलं त्यानं उचलावं. न्याय म्हणतात तो हाच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. न्याय खराच होता, मुलांनो. फक्त ज्यांनी टाकले होते, ते ऐकायला तिथे नव्हते.

झाडावर परतताना साळुंकी खारीच्या मागोमाग आली. "खारूताई, तुझं म्हणणं पटलं मला. पण माझ्या ढोलीच्या तोंडाशीच एक दोरा लोंबतोय बघ. मी ओढून पाहिला तर जीभ चिरली माझी. तो ज्या डहाळीला गुंतलाय, ती तेवढी कुरतडून टाकशील? तुझ्या दातांना ते काहीच नाही."

खारीला हे आवडले नाही. "साळूबाई, माझ्या घरात एक टरफल दिसतं का तुला? मी माझी घाण कुणाला काढायला सांगत नाही. आज ही डहाळी तोडली, तर उद्या सगळे म्हणतील, खारूताई, इथलंही काढ, तिथलंही काढ. आणि टाकणाऱ्यांना मग लाज कधी वाटायची?"

"बरं बाई," साळुंकी म्हणाली. त्या दिवसापासून ती दोऱ्याखालून मान वाकवून ढोलीत ये-जा करू लागली.

थंडी सरली. चिंचेला कोवळी पालवी फुटली आणि साळुंकीच्या ढोलीतून चिवचिव ऐकू येऊ लागली. पिल्ले झाली होती! लाल उघड्या चोचींची, सारखी भुकेली. साळुंकी आणि तिचा जोडीदार साळुंका यांना क्षणाची उसंत मिळेना. एक आला की दुसरा निघायचा. तोवर वाऱ्याने हलून हलून दोऱ्याला एक फास पडला होता. कामाच्या घाईत तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

एका दुपारी साळुंका दूर मैदानात किडे टिपायला गेला होता. साळुंकी चोचीत नाकतोडा धरून घाईघाईने घरी येत होती. पिल्लांचा आवाज ऐकून तिने वेग वाढवला आणि मान वाकवायची विसरली. पंख फासात गेला. तिने हिसका दिला तसा दोरा आणखी आवळला. तिची किंकाळी बागभर ऐकू गेली.

"धावा! साळुंकी अडकली!" कावळा ओरडू लागला. पोपट आले, चिमण्या आल्या. सगळी तिच्याभोवती घिरट्या घालत राहिली. दोऱ्याला चोच लावायचे धाडस कुणाला होईना. खार कुंडावर होती. तिने आवाज ओळखला आणि जिवाच्या आकांताने धावत झाडावर चढली. ती डहाळी तुमच्या करंगळीएवढीही जाड नव्हती. चिंचोका फोडायला लागतो तेवढ्याच वेळात खारीने ती कुरतडली. साळुंकी दोऱ्यासकट खाली गवतात पडली.

खार उड्या मारत खाली आली. साळुंकीचा पंख हाडापर्यंत चिरला होता आणि गवत लाल झाले होते.

"साळूबाई, ऊठ. उठतेस ना?" खार म्हणाली. "सुटलीस तू. सुटला बघ दोरा."

साळुंकीने डोळे उघडले. तिला बोलायला फार कष्ट पडत होते.

"खारूताई, माझ्या चोचीतला नाकतोडा... इथेच कुठेतरी पडलाय. तेवढा पिल्लांना नेऊन दे. सकाळपासून धाकट्याला काही मिळालं नाही."

खारीने गवत चाचपले. नाकतोडा सापडला. तो तोंडात धरून ती मागे वळली, तेव्हा साळुंकीचे डोळे मिटले होते.

खार तशीच वर चढली. ढोलीत तिने तोंड घातले, तर पिल्लांनी नेहमीसारख्या चोची वासल्या. आई आली असेच त्यांना वाटले. खारीने धाकट्याच्या चोचीत नाकतोडा सोडला आणि ती ढोलीच्या तोंडाशी बसून राहिली.

थोड्या वेळाने साळुंका आला. "तू इथे कशी? आणि ही कुठे गेली?" त्याने विचारले. खारीने खाली गवताकडे पाहिले. साळुंक्यानेही पाहिले.

त्यानंतर साळुंका एकटाच पिल्लांसाठी राबला. अंधार पडेपर्यंत तो उडत असे, तरी तिघांना पुरेल इतके त्याच्याने आणवेना. खारीने जमेल तेवढे किडे आणून दिले, पण तिला उडता येत नव्हते. धाकटे पिल्लू वाचले नाही. दोन वाचली, मोठी झाली आणि एका सकाळी उडून गेली.

त्याच सकाळी खार आपली ढोली न झाडताच बाहेर पडली. शेजारच्या कडुनिंबावर अजून मांजा होता. ती शेंड्यापर्यंत चढली आणि दोरा गुंतलेली डहाळी कुरतडू लागली.

कावळा खालच्या फांदीवर येऊन बसला. "खारूताई, हा कचरा तुझा आहे का?"

"नाही," खार म्हणाली.

"मग?"

"इथे घरटी आहेत," खार म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. कावळा खाली उतरला आणि गवतातली एक प्लॅस्टिकची पिशवी उचलून बागेच्या कोपऱ्यातल्या कचरापेटीत टाकून आला. परत येऊन त्याने दुसरी उचलली.

साळुंका रिकाम्या ढोलीपाशी बसून खारीकडे पाहत होता. डहाळी कट्कन तुटली आणि दोऱ्यासकट खाली पडली. तो उडत खारीजवळ आला.

"एवढंच काम होतं?" त्याने विचारले.

खारीला मान वर करवेना. "हो, दादा," ती म्हणाली. "एवढंच."

साळुंका जमिनीवर उतरला. त्या डहाळीचे एक टोक त्याने चोचीत धरले, दुसरे खारीने खाली येऊन तोंडात धरले आणि दोघे ती ओढत कचरापेटीकडे निघाले.

तात्पर्य : कचरा करणाऱ्याचा दोष त्याचाच असतो, पण सगळ्यांच्या जागेतला धोका दिसत असूनही जो दोषी येण्याची वाट पाहत बसतो, त्याचा न्याय खरा ठरला तरी त्याचा शेजारी परत येत नाही.