शिक्क्यावरची बशी

एकदा एक तरुण काजू कारखानदार आपल्या वृद्ध गुरुजींना घाईघाईने कचेरीत घेऊन आला. त्याचे नाव वामन परुळेकर. गुरुजींनी त्याला व्यापारशास्त्र शिकवले होते, आणि त्यांना विचारल्याशिवाय मोठ्या व्यवहारावर सही करायची नाही, हा त्याचा नेम होता. आज मात्र विचारण्यासारखे काही उरलेच नाही, असे त्याला वाटत होते. परगावचे एक शेठजी हंगामाचा सगळा काजू उधारीवर नेणार होते, आणि त्यांच्या कंपनीचा कागद चक्क सरकारी होता.

"प्रमाणित प्रत आहे गुरुजी! कंपनी निबंधकांच्या कार्यालयातली. हा शिक्का पाहा, ही सही पाहा."

शेठजी खुर्चीत आणखी ऐसपैस झाले. "खास माणूस पाठवून आणवलीय. असा शिक्का बाजारात दुसऱ्या कोणाकडे नाही."

गुरुजींनी कागदाला भक्तिभावाने नमस्कार केला आणि हातातली चहाची ओली बशी बरोबर शिक्क्यावर ठेवली.

"गुरुजी, डाग पडेल!" वामन ओरडला.

"पडू दे. आता वाच."

वामनला गुरुजींच्या वयाची काळजी वाटू लागली. शिक्का झाकल्यावर त्या कागदात राहिले काय? तरी तो मोठ्याने वाचू लागला. "वार्षिक विवरणपत्रे सादर न केल्यामुळे सदर कंपनीचे नाव नोंदवहीतून कमी करण्यात आले असून ती विसर्जित..." त्याने तीच ओळ पुन्हा वाचली.

शेठजी ताडकन उठले. "अशक्य! शिक्का खरा आहे!"

"खराच आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "नोंदवहीत जे आहे तेच या प्रतीत आहे, एवढीच ग्वाही तो देतो. कंपनी चांगली आहे असे तो म्हणत नाही. ती आहे, असेही म्हणत नाही. तुमची कंपनी अस्तित्वात नाही, हे सरकारने रीतसर प्रमाणित करून दिले आहे, आणि तुम्ही ते कौतुकाने बाजारभर दाखवत फिरता आहात."

शेठजी मटकन खाली बसले. "मग मी आता कोण?" त्यांनी अगदी लहान मुलासारखे विचारले.

"तुम्ही आहात तेच. आधी कंपनी पुन्हा नोंदीवर आणा, मग काजूचे बोलू. चहा घ्या."

वामनला हसू आवरेना. "कमाल आहे! स्वतःच्याच कंपनीचा कागद वाचला नाही!"

गुरुजींनी त्याच्या डोक्यामागच्या भिंतीकडे पाहिले. तिथे वामनच्या कारखान्याचे नोंदणीपत्र सोनेरी चौकटीत, हार घालून टांगलेले होते.

"तू वाचलेस?"

वामनचे हसू थांबले. तो उठला आणि त्याने भिंतीशी स्टूल ओढले.