आभारप्रदर्शन लांबलं त्याची गोष्ट

एक होतं रान. रान म्हटलं की वाघ आला, वाघ आला की राजा आला, आणि राजा आला की झाडाझाडावर त्याचा हसरा फलक आला. दर पाच वर्षांनी तिथे निवडणूक व्हायची. मतमोजणी वाघाच्या गुहेत व्हायची. मोजायला आत गेलेली हरणं सगळीच बाहेर यायची असं नाही, पण निकाल मात्र अगदी वेळेवर यायचा.

त्या रानात भिकोबा नावाचा साळिंदर राहायचा. भिकोबा विचारवंत होता. म्हणजे अंगभर काटे होते, हवा तो उपटला की लेखणी तयार, आणि त्या काट्यांनी आजवर कुणाला साधा ओरखडाही काढला नव्हता. सकाळी राजाविरुद्धच्या निवेदनावर सही करायची आणि दुपारी राजाच्याच हस्ते शाल घ्यायची, असा त्याचा शिस्तीचा दिनक्रम. शालींची चळत बिळात पडून होती. अंगावर घेतली की काट्यांनी तिची चाळण व्हायची. “एवढे सत्कार झाले, पण ऊब काही मिळाली नाही बुवा,” असं तो स्वतःशीच म्हणायचा आणि पुढच्या सत्काराला तासभर आधी जाऊन बसायचा.

पोटापाण्यासाठी भिकोबा आश्रयगुहेची वही लिहायचा. त्याचं असं होतं, की पलीकडच्या शहरातली माणसं कुत्रं हौसेनं आणत आणि हौस फिटली की रानाच्या कडेला सोडून देत. अशा कुत्र्यांसाठी राजानं एक गुहा दिली होती. पन्नासांची गुहा, आत तीनशे. एक भुंकलं की तीनशे भुंकत. घास खाली पडायच्या आत तिघांत मारामारी. त्या कलकलाटात तांबू नावाची एक म्हातारी कुत्री भिंतीकडे तोंड करून थरथरत बसलेली असायची. खायची नाही, प्यायची नाही. राखणदार तरस म्हणाला, “भिकोबा, हिची जागा चार दिवसांत रिकामी होतेय. नव्या कुणाचं नाव लिहून ठेवा.”

भिकोबाचा जीव कळवळला. जीव कळवळला की तो जे करायचा तेच त्यानं केलं, म्हणजे लेख लिहिला. ‘कुत्र्याला गुहा नको, घर हवं’. पंधरा दिवस एखादं कुत्रं आपल्या बिळात पाहुणं ठेवा, त्याची भीती जाऊ द्या, त्याला माणसात, म्हणजे प्राण्यात, येऊ द्या. मग त्याला कायमचं घर शोधू. लेख झकास होता. बीळ अर्थातच दुसऱ्याचं, हे भिकोबानं गृहीतच धरलं होतं.

लेख राजाला आवडला, आणि तिथेच घात झाला. श्वानकल्याणमंत्री शुभ्रराव बगळे यांनी लगोलग योजना काढली. ‘घर माझं, कुत्रं आपलं!’ मांडव उभा राहिला. शाल, नारळ, हार आणि एक कुत्रं, असा प्रत्येक यजमानाचा सत्कार ठरला.

राजा व्यासपीठावरून गरजला, “बंधूंनो आणि भगिनींनो! मला सांगा, मागच्या राजानं एका तरी कुत्र्याला नारळ दिला होता का?”

“नाही, नाही!” सभा म्हणाली. मागचा राजाही हाच होता, पण उत्साहात एवढं कोण बघतं!

सोहळा मोठा सुटसुटीत होता. यजमान पुढच्या पायरीनं चढे, कुत्रं कुशीत घेई, फोटो निघे, मागच्या पायरीनं उतरे आणि तिथे उभ्या असलेल्या तरसाच्या हाती कुत्रं परत देई. शाल-नारळ मात्र घरी. भिकोबा प्रत्येक नावापुढे ‘घरी दिले’ असं लिहीत होता. परत आल्याचं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं लिहायची भिकोबाला सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत वहीत तीनशेच्या तीनशे कुत्री घरी गेली आणि प्रत्यक्षात त्यातली दोनशे नव्व्याण्णव गुहेत परतली.

शेवटचा सत्कार खुद्द भिकोबाचा होता. कुणी घेतलीच नाही म्हणून तांबू त्याच्या वाट्याला आली. आणि विचारवंत म्हणून आभारप्रदर्शनही त्याच्याकडेच होतं.

इथे भिकोबाची चूक झाली. आभारप्रदर्शन दोन मिनिटांत उरकायचं असतं, हे रानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भिकोबानं राजाचे आभार मानले, मंत्र्यांचे मानले, मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, अनुपस्थितांचेही मानले. कुणाचं नाव अनवधानानं राहिलं असेल तर त्यांचे वेगळे मानले. डोळे उघडून पाहतो तर मांडव रिकामा, तरस घरी, गुहेचं दार बंद. समोर एकटी तांबू बसलेली. भाषण तिनं शेवटपर्यंत ऐकलं होतं, कारण ती खांबाला बांधलेली होती.

“संपलं का हो, काका?” तिनं विचारलं.

भिकोबाचा ऊर भरून आला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच श्रोता मिळाला होता. दार उघडेपर्यंत म्हणून तो तिला बिळात घेऊन आला. त्याच्या काट्यांपासून दोन हात दूर, भोकं पडलेल्या शालींच्या चळतीवर ती आडवी झाली आणि जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. उठल्यावर तिनं अर्धं रताळं खाल्लं. भिकोबा चक्क रडला. मग एवढ्या हळव्या क्षणी आपल्याला लेख सुचतोय, हे लक्षात येऊन स्वतःवरच चिडला.

आठ दिवसांत तांबूची थरथर थांबली. दहाव्या दिवशी तिनं शेपूट हलवलं. बाराव्या दिवशी बगळे मंत्री दारात उभे.

“भिकोबा, एक कुत्री परत आलेली नाही म्हणे. परवा उपराजधानीत सत्कार आहे, तिथे कुत्री कमी पडतायत.”

“साहेब, पण योजना तर घरी ठेवायचीच होती ना?”

“अहो, योजना वेगळी, ठेवणं वेगळं. तुम्ही शिकलेले. तुम्हाला काय सांगायचं?”

आत तांबूनं ते ऐकलं. ती उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पुन्हा थरथरू लागली.

भिकोबा भित्रा होता. हे तो स्वतःच चारचौघांत कौतुकानं सांगायचा. पण ती पाठमोरी थरथर त्याला बघवेना. काटे फुलवून मंत्र्याच्या अंगावर जावं, असं त्याला मनापासून वाटलं. काटे फुललेही. त्यातला एक त्यानं उपटला, वही उघडली आणि लिहिलं: ‘तांबू. गुहेत परत जमा.’

“जमा झाली, साहेब. हे बघा.”

मंत्र्यांनी वही पाहिली. मग भिकोबाच्या खांद्यावरून आत बसलेल्या तांबूकडे पाहिलं. मग पुन्हा वही पाहिली.

“वहीत आहे ना? मग प्रश्नच मिटला,” म्हणाले आणि उडाले. गुहेत जाऊन मोजायला त्यांना वासाचा त्रास होई.

शेजारची सरसाबाई मुंगूस हे कुंपणापलीकडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी भाजी मागायच्या निमित्तानं आली. “भिकोबा भावजी, ते ‘जमा’ लिहायचं कसं असतं हो? नाही, म्हणजे ते एक लंगडं पिल्लू आहे गुहेत. फक्त पंधरा दिवस हो. गळ्यात नको पडायला.” पंधराव्या दिवशी तिनं त्या पिल्लाचं बारसं केलं. मग ससाण्यानं एक नेलं, उदमांजरानं दोन नेली. तरस डोळे मिटून घ्यायचा, कारण त्यानंही एक घरी नेलं होतं. ना हार, ना नारळ. प्रत्येकापुढे भिकोबा इमानदारीनं लिहायचा, ‘गुहेत परत जमा’.

अशी अकरा झाली. म्हणजे अकरा कुत्री खरोखर घरी होती आणि कागदोपत्री तेवढीच बेघर होती. बाकीची दोनशे एकोणनव्वद कागदावर सुखात होती आणि गुहेत भुंकत होती. आपण मोठी क्रांती केली असं भिकोबाला अधूनमधून वाटे. मग वारा गुहेकडून आला की वाटेनासं होई.

निवडणूक आली. राजाची सभा भरली. भिकोबा सवयीनं पहिल्या रांगेत बसला, शेजारी गुबगुबीत झालेली तांबू.

“बंधूंनो आणि भगिनींनो!” राजानं पंजानं डोळे पुसले. “तीनशेपैकी दोनशे एकोणनव्वद कुत्र्यांना आम्ही घर दिलं. पण माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. अकरा जीव अजून बेघर आहेत! ती अकरा घरी पोचेपर्यंत मी सिंहासन सोडणार नाही!”

सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. तांबूच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, कोण हो ती बिचारी?”

“तूच की त्यातली पहिली,” भिकोबा म्हणाला. “टाळ्या वाजव. आणखी पाच वर्षं तुझ्याच नावावर मागतायत.”