शब्दांची ओटी

निगडोली गावातून वर निघालं, ओढा ओलांडला, की टेकडी लागते. टेकडीच्या माथ्यावर एक काळी पायरी आहे. एकच. मधोमध इतकी झिजलेली, की तान्हं मूल त्यात सहज निजेल. पुढे देऊळ नाही, घुमटी नाही, शेंदूर लावलेला दगडसुद्धा नाही. पाहुणेमंडळी हमखास विचारतात, "पायरी आहे, मग देव कुठाय?" तेव्हा गावच्या इठाबाई पदर सावरून पायरीच्या कडेला टेकतात. मध्ये कधी बसत नाहीत. म्हणतात, "देव नव्हताच हितं. पुसाई होती." आणि मग सांगायला लागतात.

पुसाई ही ह्या पायरीमागच्या खोपटात राहून झाडपाल्याचं औषध देणारी म्हातारी. तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. आलेल्या बाईला पुसून पुसून भंडावून सोडायची म्हणून पुसाई. डोळे कधीच गेले होते. पाला वासावरून ओळखायची आणि दुखणं ऐकून. खाली गावात उतरणं तिच्या पायांना जमत नव्हतं, आणि जावळ निघाल्याशिवाय पोराला ओढा ओलांडू द्यायचा नाही, अशी तेव्हा गावाची रीत. म्हणजे पोर खाली, औषध वर. आईनं जे काय पाहिलं असेल ते तोंडानं वर न्यायचं, तेवढीच वाट.

त्या गावात गजरा नावाची सून होती. पहिलटकरीण. पोराचं नाव हैबती. नवरा बैल घेऊन घाटाखाली मीठ आणायला गेलेला. पोरानं शिंक दिली, की जराशानं गजरा टेकडीवर. पाणवठ्यावरच्या बाया हसायच्या. "निघाली बघा, पोराची जांभई घेऊन निघाली!" पायरी झिजली ती गजराच्याच पायांनी, असं सांगतात.

वर गेली की गजरा एकच बोलायची. "आई, पोर कसंतरीच करतंय."

दुसरं तिला बोलताच येत नव्हतं. माहेराहून आली तेव्हा येत होतं. नव्या नवलाईत एकदा म्हणाली, "आत्याबाई, डोकं ठणकतंय." सासू ठकूबाई मोठ्या तिखट जिभेची. ती म्हणाली, "ठणकतंय म्हणं! आमच्या घरात बायकांचं डोकं नुसतं असतं, ठणकत नसतं." पुढे कधी पोटात कळ आली, कधी अंग आंबलं, दर वेळी असंच काहीतरी ऐकावं लागलं. गजरानं एकेक शब्द गिळला. कुणी विचारलंच तर "बरं आहे" म्हणायची. अगदीच सोसेना, तर "कसंतरी होतंय". पुढे पुढे तर स्वतःला काय होतंय ते तिचं तिलाही कळेनासं झालं, म्हणे.

पुसाई आजवर तिला वावडिंग द्यायची, ओवा द्यायची, पाठीवरून हात फिरवून परत पाठवायची. पण एका थंडीच्या दिवशी गजराचा आवाज ऐकूनच म्हातारी सावरून बसली.

"काय होतंय पोराला?"

"कसंतरी करतंय, आई. सकाळपासून."

"रडतंय का?"

"न्हाई."

"दूध घेतंय?"

"तोंड लावतंय नि सोडतंय."

"मग होतंय काय त्याला?"

"कसंतरीच."

पुसाईनं हातातला पाला खाली ठेवला. म्हणाली, "पोरी, कसंतरीला माझ्याकडं पाला न्हाई. हितं जगवणारा पाला हाय तसा मारणाराही हाय. काय होतंय ते नीट बघ, नि मला शब्द आणून दे. दिवस कलायच्या आत ये. आवाज सांगतोय तुझा, येळ थोडा हाय."

गजरा उतरली ती पडत-धडपडत. पाणवठ्यावर धुणं चाललं होतं. लाज बाजूला ठेवून तिनं बायांसमोर पदर पसरला. "मला शब्द द्या गं कुणीतरी! माझ्या पोराला काय होतंय ते मला सांगता येईना."

आधी एक-दोघी हसल्या. तिचं तोंड पाहिलं आणि गप्प झाल्या. कुंभाराची बायजा हातातलं लुगडं तसंच सोडून पुढे आली. "मलूल पडलंय का गं? पाण्यावाचून रोप मान टाकतं, तसं?" गजरा घरी धावली. पोराची मान उचलून बघितली. व्हय, मलूल. मागोमाग आलेली एक म्हातारी म्हणाली, "अंगात कसर आहे का बघ. ताप नव्हं, तापाची कसर. पोटाला हाताची मागली बाजू लाव." गजरानं लावली. तीही होती. शब्द मिळेल तसं गजराला पोर दिसत होतं. सकाळपासून ती त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती, पण भीतीशिवाय तिला काहीच दिसलं नव्हतं.

दोन्ही शब्द घेऊन ती वर गेली. पुसाईनं मान हलवली. "मलूल पोर कशानंही होतं. कसर कशाचीही असती. ह्याच्या मुळाशी काय हाय? परत जा."

गजरा परतली तेव्हा उन्हं घरावरून उतरली होती. अंगणात बाया जमल्या होत्या आणि एकेक शब्द पुढे करत होत्या. कुणी म्हणे उमासे येत असतील, कुणी म्हणे मुरडा असेल. गजरा प्रत्येक शब्द पोराला लावून बघत होती. एकही बसत नव्हता. पोर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

ठकूबाई उंबऱ्यात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. सकाळपासून तिनं नातवाकडे मान वळवली नव्हती. बायजा संतापून म्हणाली, "मावशे, दगड हायेस का? नातू हाय तुजा! एरवी तर जीभ आवरत न्हाई, आज काय झालं?"

ठकूबाईचा हात सुपातच थांबला. मग पाठमोरीच म्हणाली, "गजरे, दुपटं सोड."

गजरानं सोडलं.

"ऊर बघ त्याचा. बरगडीखाली बघ."

चिमुकल्या बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात होती, सुटत होती, पुन्हा खेचली जात होती.

"धपापतंय ते," ठकूबाई मान वळवून म्हणाली. "धपापतंय गं माझं पोर."

तेव्हा गावाला कळलं. गजराच्या नवऱ्याआधी ठकूबाईला एक मुलगी झाली होती. तीही अशीच न रडता पडून होती. "कसंतरी करतंय" म्हणून ठकूबाई आपल्या सासूपाशी गेली, तर सासू म्हणाली, "बरं आहे म्हण नि कामाला लाग." ती कामाला लागली. पोर गेल्यावर मांडीवर घेऊन बसली असताना तिला शब्द सुचला. धपापत होतं. त्या दिवशी तिनं टेकडीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की हा शब्द पुन्हा ओठांवर आणला, तर माझी वाचा जाऊ दे.

गजरा शब्द घेऊन निघणार, तोच ठकूबाईनं तिचा हात धरला. "तू पोरापाशी ऱ्हा. त्याला उभं धर, छातीशी धर. शब्द माझा हाय. मीच नेते."

"आत्याबाई, शपथ..."

"एकदा बोलले नव्हं का? आता अर्धी मोडून काय उपेग!"

उतारवयाची बाई अनवाणी टेकडी चढली. पायरीवर उभी राहून तिनं पुसाईला सांगितलं. ऊर धपापतो, बरगडीखाली खळी पडते, दूध तोंडात घेतं पण ओढायला दम पुरत नाही. पुसाईनं एकही प्रश्न विचारला नाही, असं सांगतात. हात लांब करून तिनं नेमका पाला काढला, शेक कसा द्यायचा ते सांगितलं. ठकूबाई धावत खाली आली.

दिवेलागणीला हैबतीनं दूध ओढलं. मग पहिल्यांदा रडला, चांगला टाहो फोडून. गजराला तो आवाज साखरेसारखा लागला. ती सासूच्या पायांवर कोसळली. ठकूबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तो पुढे कधीच फुटला नाही.

ती त्यानंतर पुष्कळ जगली. बाया आजारी पोर तिच्या मांडीवर आणून ठेवत. ती पोराच्या अंगावरून हात फिरवी, दुखऱ्या जागी थांबे आणि आईच्या तोंडाकडे बघत राही. आईनं नीट शब्द उच्चारेपर्यंत हात उचलत नसे. गजरा शेजारी बसून अडलेलीला शब्द पुरवायची. सासूची वाचा सुनेच्या तोंडी आली, असं गाव म्हणायचं.

आजही निगडोलीत पोराच्या पाचवीला सटवाईची पूजा झाली, की बाळंतिणीची ओटी शब्दांनी भरतात. आलेली प्रत्येक बाई एकेक शब्द देते. कुणी 'हुळहुळणं' देते, कुणी 'ग्लानी', कुणी 'रुखरुख'. कारण आईलाही काही ना काही होतच असतं. पण पहिला शब्द सासूचा, आणि तो तिनं स्वतः भोगलेल्या दुखण्याचा असावा लागतो. सून तो पदरात घेते आणि विचारते, "आत्याबाई, तुम्हाला कधी झालं होतं?" त्या दिवशी सासूला "बरं होतं माझं" म्हणून सुटता येत नाही. सगळ्या बाया गप्प बसतात, पोर झोळीत असतं, आणि सासूला सांगावंच लागतं.