शिदोबा आणि जंताच्या गोळ्या

करंजगावच्या शाळेत शिदोबा नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेला एकही शब्द तो वाया जाऊ देत नसे, एवढाच काय तो त्याचा दोष. सात वर्षं तो हंगामी होता. आता शनिवारी तालुक्याचे साहेब येऊन त्याचं काम बघणार होते आणि काम पसंत पडलं तर नोकरी कायम होणार होती. बायकोने पेढ्यांसाठी खवासुद्धा सांगून ठेवला होता.

सोमवारी शाळेत जंताच्या गोळ्या आल्या. शिदोबाने डबा खिडकीत ठेवला.

मुख्याध्यापिका इंदूबाई म्हणाल्या, "अहो शिदोबा, पोरं लिमलेट समजून फस्त करतील. मुलांच्या पोटात जायचं ते त्यांचा हात पोचणार नाही असं ठेवावं."

"ठेवतो बाई."

मंगळवारी खिचडीचं पातेलं कौलांवर सापडलं. तोवर कावळ्यांची पंगत उठली होती.

"खिचडी वर कशाला नेलीत?"

"मुलांच्या पोटात जायची होती ना बाई."

बाईंनी कपाळावर हात मारला. "ते औषधाचं हो! आणि ऐका, आईबापाची चिठ्ठी असल्याशिवाय मुलाच्या हातात काही द्यायचं नाही."

"नाही देत बाई."

बुधवारी दुसरीतल्या सुभान्याच्या पोटात कळ आली. तो पोट आवळून टमरेल मागायला आला.

"चिठ्ठी आण," शिदोबा म्हणाला.

घर ओढ्यापलीकडे. पोरगं वाऱ्यासारखं धावत गेलं आणि चिठ्ठी घेऊन अगदी सावकाश चालत आलं. आता टमरेलाची घाई उरली नव्हती.

"अहो, तेही औषधाचं!" बाई म्हणाल्या. "गोळी दिली की तोंड उघडायला लावा, जीभ वर करायला लावा. गिळली का बघा, मगच सोडा."

"बघतो बाई."

गुरुवारी सरपंच आले. शिदोबाने त्यांना चहा दिला आणि दारात आडवा उभा राहिला.

"आ करा. जीभ वर."

सरपंच गोंधळले, पण त्यांनी आ केला. गालात तंबाखू निघाली.

"ही गिळली नाही तुम्ही. गिळा, मग सोडतो."

सरपंच संध्याकाळपर्यंत लिंबाखाली आडवे होते.

शुक्रवारी बाईंना कपाटात खोकल्याची जुनी बाटली सापडली. आता त्यांचा आवाजही बसला होता. "शिदोबा, हात जोडते. आधी तारीख बघत जा. तारीख उलटलेलं शाळेत ठेवायचं नाही. तिथल्या तिथे नष्ट करायचं."

"करतो बाई."

शनिवारी साहेब आले. बाईंचा जीव टांगणीला लागला होता. पण शिदोबाने कमालच केली. गोळ्या उंच फळीवरून काढल्या, तारीख पाहिली, प्रत्येकाची चिठ्ठी घेतली, गोळी चावायला लावली, जीभ वर करून बघितली.

साहेब खूश झाले. "असा माणूस तालुक्यात नाही. हा घ्या तुमच्या कायम नोकरीचा हुकूम, तयार करूनच आणला होता. सहीशिक्क्याचा आहे, जपा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शिदोबाने वाकून नमस्कार केला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि चहा बघायला आत गेला. थोड्या वेळाने कप घेऊन बाहेर आला.

"शिदोबा, हुकूम कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बरं झालं बाई, मी बघितलं. त्याच्यावर गुरुवारची तारीख होती. लगेच चुलीत घातला," शिदोबा म्हणाला आणि साहेबांकडे वळला. "चहा घ्या साहेब. मग आ करा."